पावणेचारचा फोन

मला खोटं बोलता येत नाही, असं माझी आई चारचौघांत कौतुकानं सांगायची. त्या कौतुकाला आग लागो. दोन धपाटे घालून तिनं मला थोडं खोटं बोलायला शिकवलं असतं, तर मेस्त्रीकाकांविषयी लिहायला बसताना आज माझा हात असा जड झाला नसता.

मेस्त्रीकाका शिकागोत टॅक्सी चालवायचे. मूळचे सावंतवाडीकडचे, सुताराच्या घरातले. एका कारखान्यात फिटर म्हणून अमेरिकेत आले. पुढे कारखाना बंद पडला, बायको आजारपणात गेली, आणि पदरात एक लहान मुलगी असलेला हा माणूस टॅक्सी चालवायला लागला. मी भेटले तेव्हा पंचावन्नचे असतील. बुटके, काटक, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि शर्टाच्या खिशात जिथं बाकीच्यांचं पेन असतं तिथं यांचा स्क्रू-ड्रायव्हर.

ही चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी नाशिकहून आर्किटेक्चरची डिग्री आणि नवं कोरं मंगळसूत्र घेऊन आलेली, आणि एका तीन खोल्यांच्या ऑफिसात नकाशे काढणारी. एक दिवस साहेबांनी माझ्यासमोर तीन पत्ते ठेवले. घोडागाड्यांच्या काळात शहरात गाडीवानांसाठी रस्त्याच्या कडेला छोट्या लाकडी खोल्या बांधल्या होत्या. आत शेगडी, दोन्ही बाजूंना बाकं. गाडीवान थंडीत गारठू नये आणि ऊब शोधत दारूच्या गुत्त्यात जाऊ नये, म्हणून कुणा दानशूर मंडळींनी केलेली सोय. घोडे गेले, मोटारी आल्या, खोल्यांत टॅक्सीवाले बसू लागले. पडता पडता त्यांतल्या तीन उरल्या होत्या. कुठली जपायची आणि कुठली पाडायची हे एक कमिटी ठरवणार होती. आम्ही फक्त जाऊन बघायचं, मापं घ्यायची, आणि प्रत्येकीचा फॉर्म भरून द्यायचा. "यू आर सो थरो," साहेब मला म्हणाले, म्हणजे बारीकसारीक काही सोडत नाहीस. मी हुरळले.

मार्च महिना होता. रस्त्यावर हात करून जी टॅक्सी थांबली तीत बसले. खिडकीची काच खाली होती, शिकागोच्या सरोवरावरचा वारा आत शिरला आणि मांडीवरचे सगळे फॉर्म उडाले. माझ्या तोंडून आजीची शिवी गेली, "मेल्या, तुझा मुडदा बशिवला!"

टॅक्सी कडेला थांबली. ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं आणि शांतपणे म्हटलं, "बाय, मुडदा मागाहून बसव. आधी काच वर कर."

मला हसावं की रडावं कळेना. चार महिन्यांत नवऱ्याशिवाय कुणाच्या तोंडून मराठी ऐकलं नव्हतं. त्यांनी माझी यादी हातात घेतली, वाचली, आणि म्हणाले, "अगो, या तर आमच्या टपऱ्या. शेवटची माझीच."

"तुमची म्हणजे?"

"म्हणजे मी बसतंय तिथं. चल, दाखवतो."

पहिली टपरी एका बागेच्या कोपऱ्यावर होती. दाराला कुलूप, आत बर्फ काढायची फावडी कोंबलेली, छपराला भोक. काका उतरले, नारळ घेताना वाजवतात तशी भिंत बोटाच्या पेरानं वाजवली आणि कान लावला. "मेली ही. आतून भुसा." दुसरी रेल्वे स्टेशनजवळ. खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या, आत कबुतरं. पुन्हा टकटक, पुन्हा कान. "ही पण मेली." मी फॉर्मवर मापं लिहीत होते आणि हा माणूस माझ्यामागून नाडी बघितल्यासारखा फिरत होता.

तिसऱ्या टपरीजवळ आलो तेव्हा त्यांची चालच बदलली. हिरवी रंगवलेली, खिडकीच्या काचा पुसलेल्या, दार ओढलं की टक् करून बसणारं. आत सहा-सात जणांना पुरतील अशी बाकं, विजेची शेगडी, किटली, टोप्या अडकवायला खुंट्या, आणि खिडकीशेजारी भिंतीवर काळा फोन. "ही बघ," काका म्हणाले, "ही जिती."

त्या टपरीतला कायदा साधा होता. बाहेर रांगेत ज्याची गाडी पहिली, फोन त्यानंच उचलायचा, कारण फोन म्हणजे गिऱ्हाईक. दुसऱ्यानं हात लावला तर भांडण. त्या दिवशी पहिला नंबर लेरॉयचा होता. लेरॉय म्हणजे उंच, पांढऱ्या मिशांचा काळा म्हातारा, काकांचा सगळ्यांत जुना सोबती. तो मला त्याच्या गुडघेदुखीचं पुराण ऐकवत होता, आणि मधेच थांबला. पाहते तर सगळेच थांबलेले. लेरॉय फोनजवळून उठला आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. काका उठले, टोपी काढली, फोनशेजारी उभे राहिले. घड्याळात पावणेचार होत होते.

कुणी चकार शब्द बोलेना. माझी पेन्सिल कागदावर करकरली तशी लेरॉयनं बोट ओठांवर ठेवलं. बरोबर बारा मिनिटांनी फोन वाजला. काकांनी पहिल्या घंटेला उचलला. "हॅलो?" मग, "येस मॅडम. येस." फोन ठेवून त्यांनी लेरॉयला पत्ता सांगितला, "एअरपोर्टचं आहे. तुझं." लेरॉयनं जाता जाता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. चार वाजले, काकांनी टोपी घातली, आणि लगेच सगळे पहिल्यासारखे कलकल करू लागले.

मी भोचक. परतताना विचारलंच.

मुलीचं नाव ज्योती. आई गेली तेव्हा आठ वर्षांची. शाळेतून एकटीनं यायचं, दार आतून लावायचं, आणि पावणेचारला टपरीत फोन करायचा, "बाबा, आय ॲम होम." एवढंच. त्या वेळी गाडी पहिली असो की दहावी, फोन काकांचा. हे टपरीतल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. शाळा संपेपर्यंत एक दिवस चुकला नाही. मग ती कॉलेजात गेली, आणि एक दिवस पावणेचारलाच फोन आला, की मी शिकणं सोडते आहे, एका मुलाबरोबर कॅलिफोर्नियाला जाते आहे.

"मग?"

"मग काय! माझ्या जिभेला हाड नाही. सगळ्या टपरीसमोर ओरडलो, की या नंबरवर परत फोन करायचा नाही. मला मुलगी नाही." गाडी सिग्नलला थांबली होती. सिग्नल हिरवा झाला तरी काका तिथंच. "तिनं ऐकलं, बाय. लहानपणापासून ऐकण्यातली होती."

त्याला पाच वर्षं झाली होती. पाच वर्षं रोज साडेतीनला काका कुठंही असले तरी टपरीवर यायचे, आणि टपरीतली माणसं रोज पंधरा मिनिटं तोंड मिटून बसायची. मी शहाणपणा शिकवायला गेले. म्हटलं, काका, तुम्ही राहता दुसऱ्याच्या तळघरात, तुमच्या नावावर फोन नाही. घ्या एक. डिरेक्टरीत नाव येईल, ती शोधेल.

"शोधायला माया लागते," काका म्हणाले. "ती माझ्यावर रागावली आहे. पाठ असलेला नंबर माणूस रागातसुद्धा फिरवतो. तिला हा एकच पाठ आहे."

त्या वर्षी काका आमच्या घरातलेच झाले. त्यांच्या खोडी काय सांगू! हलणारं टेबल दिसलं की त्यांना जेवण गोड लागायचं नाही. आधी खाली वाकून पाय बघायचे. डेव्हन ॲव्हेन्यूवर मिठाईच्या दुकानात गेलो तर गल्ल्यामागच्या कपाटाची बिजागरी बसवून आले, आणि जिलेबी घ्यायची राहिलीच. खिळा त्यांना आवडायचा नाही. "खिळा म्हणजे जबरदस्ती. लाकडाला लाकूड राजी पाहिजे." हॉर्न कधी वाजवायचे नाहीत. कुणी आडवा आला तर म्हणायचे, "जा बाबा, तुझ्या घरी कोण वाट बघत असेल."

मे महिन्यात शॉमबर्गला आमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे सत्यनारायण होता. मी हट्टानं काकांना घेऊन गेले. तिथं प्रत्येक जण प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, "आपण कुठं असता?" म्हणजे कुठल्या कंपनीत. काका म्हणाले, "रस्त्यावर." दोन-तीन जण हसले, मग त्यांना कळलं, मग ते दुसरीकडे बघायला लागले. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला सवय आहे ना, बाहेरच्या गाड्या जरा नीट लावून द्याल? शेजारी कम्प्लेन करतात हो." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तोंड उघडणार तोच काका किल्ल्या घेऊन निघालेसुद्धा. एकूण एक गाड्या एका ओळीत, सुतानं आखल्यासारख्या लावून आले. "राग कसला?" मला म्हणाले. "काम काय वाईट आहे? फक्त त्या तिसऱ्या गाडीचा ब्रेक लागत नाही, मालकाला सांग."

तिथं डॉक्टरांची सतरा-अठरा वर्षांची मुलगी होती. काका प्रसादाचा द्रोण हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. शेवटी जवळ जाऊन म्हणाले, "बाबांना फोन करतेस ना गो रोज?"

ती गोंधळली. "बट अंकल, ही इज राइट देअर."

"हां. तरी कर," काका म्हणाले.

आता फॉर्मचं सांगते. पुढे ढकलत होते, पण सांगायलाच हवं.

पहिल्या भेटीनंतर आठवड्यानं मी टेप घेऊन तिसऱ्या टपरीवर गेले. टेपचं दुसरं टोक काकांनी धरलं. फॉर्मवर एक रकाना होता, मूळ बांधकाम किती आणि बदललेलं किती. बाकीच्या दोन टपऱ्यांत कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्यामुळं तिथं सगळं सडकं होतं, पण मूळचं होतं. इथं मला काही ओळखू येईना. सगळं लाकूड एकाच वयाचं दिसत होतं. म्हणून मी विचारलं, "काका, यातलं काही नवीन आहे का हो?"

काकांचा चेहरा असा फुलला! इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. "काही? अगो, हे दार माझं. ही खिडकीची चौकट माझी. छपराच्या वाशांतले चार सोडून सगळे माझे. एक पडकं कोठार मोडत होते, तिथून जुनं लाकूड आणलं, रंग जुळेपर्यंत चहाच्या पाण्यानं पुसलं. हा सांधा बघ. नख घाल. जातंय?" नख जात नव्हतं. त्यांनी मला एकेक सांधा दाखवला, कुठल्या हिवाळ्यात केला ते सांगितलं, आणि सुट्टीच्या दिवशी ज्योती बाकावर बसून पॉलिश-पेपर कसा घासायची तेही सांगितलं. मी शहाणी, पान भरून लिहीत गेले. दार, बदललेलं. चौकट, बदललेली. वासे, बदललेले. जागा पुरेना म्हणून दुसरा कागद जोडला. मला वाटत होतं, मी त्यांचं कौतुकच लिहिते आहे.

कमिटीतल्या कुठल्याही तज्ज्ञाला ते कळलं नसतं, शपथेवर सांगते. इंग्रजीत कुणी विचारलं असतं, तर काका "येस, ओल्ड, व्हेरी ओल्ड" म्हणून मोकळे झाले असते. मी मराठीत विचारलं, म्हणून ते माणसाशी बोलल्यासारखे बोलले.

ऑगस्टमध्ये निकाल आला. पहिली आणि दुसरी टपरी ऐतिहासिक, त्यांचं जतन करायचं. तिसरीतला बराच भाग मूळचा नसल्यानं ती जपण्यायोग्य नाही. ती पाडून टॅक्सीचा थांबा कोपऱ्यापलीकडच्या हॉटेलाच्या दारात हलवायचा. मी तो कागद घेऊन साहेबांच्या खोलीत धावले. म्हटलं, फॉर्म परत द्या, माझी चूक झाली. साहेब म्हणाले, "यातलं काही खोटं आहे का?" खोटं एक अक्षर नव्हतं. कमिटीच्या दारात जाऊन बसले, फोन कंपनीला विनवलं, निदान तो फोन एका खांबावर तरी ठेवा. टपरी नाही तर लाइन नाही, म्हणाले, आणि तो नंबर दुसरीकडे मिळणार नाही.

काकांना सांगायला गेले. पावणेचार उलटून जाऊ दिले, मग टपरीच्या पायरीवर बसून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं.

"म्हणजे मी दुरुस्त केली म्हणून पाडतत?"

"हो, काका."

"आणि सडू दिली असती तर?"

"तर ठेवली असती."

काका हसले. खरंच हसले. मग त्यांनी दाराच्या चौकटीवरून तळहात फिरवला. "आमचा बापूस सांगायचा, सांधा असा कर की केलेला दिसता नये. तसा केला मी. आणि मग मीच बोंबलून सांगितलं." मी रडत होते. म्हटलं, काका, मी लिहिलं, मी, तुम्ही मला शिव्या घाला. ते म्हणाले, "तू विचारलंस, मी सांगितलं. खोटं कुठं लिहिलंस? उठ, पायरी गार आहे." त्यांनी मला फाडून खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

सप्टेंबरात पाडायला माणसं आली. सकाळीच आली, पण लेरॉयनं त्यांच्या मुकादमाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. तो भला माणूस, त्यानं आपल्या लोकांना दिवसभर समोरच्या फुटपाथवर बसवून ठेवलं. पावणेचारला टपरीत मुंगी शिरायला जागा नव्हती. ज्यांच्या गाड्या रांगेत नव्हत्या तेही आले होते. काका फोनपाशी उभे. घंटा वाजली नाही. एकदाही नाही, एअरपोर्टवाल्या बाईचीसुद्धा नाही. चार वाजले, सव्वाचार वाजले, कुणी उठेना. शेवटी काकांनीच खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि दाराच्या बिजागऱ्या सोडवायला लागले. "तोडू नका," मुकादमाला म्हणाले. "सांधे कुठं आहेत ते मी दाखवतो."

काका पुढच्या जानेवारीत गेले. झोपेतच गेले. ज्योतीचा पत्ता लेरॉयनं कुठून कुठून शोधला. ती आली तेव्हा तिच्या कडेवर तीन महिन्यांचं बाळ होतं. काकांच्या तळघरातल्या खोलीत आम्ही दोघी त्यांचे कपडे घड्या करत होतो. ती तुटक्या मराठीत म्हणाली, "मावशी, मी फोन केला होता. ऑक्टोबरमध्ये. बेबी झाली ना, तेव्हा. हॉस्पिटलमधून."

माझ्या हातातला शर्ट तसाच राहिला.

"शिकागोचं पावणेचार, आय काउंटेड. पण ते रेकॉर्डिंग आलं, की हा नंबर बंद आहे. बाबा म्हणाले होते, या नंबरवर परत फोन करू नको. सो आय थॉट, बाबांनीच बंद केला. आय थॉट, ही रिअली मेंट इट."

मग मी तिला सगळं सांगितलं. टोपी काढून उभं राहणं, लेरॉय, मिटलेली तोंडं. आणि फॉर्मही सांगितला. माझ्या हातानं लिहिलेला एकेक शब्द सांगितला. तिनं बाळाला माझ्या हातात दिलं, न्हाणीघरात गेली, आणि नळ सोडून दिला. नळाच्या आवाजातूनही मला ती ऐकू येत होती.

मी काकांना शेवटचं पाहिलं ते त्याच ऑक्टोबरात. टपरी पाडल्यापासून मी त्या रस्त्यानं जाणं टाळत होते. त्या दिवशी बसनं दुसरी वाट घेतली आणि मी तिथूनच निघाले. टपरीच्या जागी नव्या सिमेंटचा चौकोन. थांबा कोपऱ्यापलीकडे गेलेला, इथं कुणी गिऱ्हाईक मिळायचं नाही, तरी काकांची टॅक्सी तिथं उभी होती आणि तिच्यामागे लेरॉयची. एवढ्या थंडीत काकांनी खिडकीची काच खाली केली होती. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. एक बाई पिशव्या घेऊन त्यांच्याकडे आली, तर त्यांनी उतरून पिशव्या लेरॉयच्या गाडीत ठेवल्या आणि परत येऊन बसले.

बस सिग्नलला थांबली. मी काचेवर थाप मारली. काकांनी वर पाहिलं, मला ओळखलं, चेहरा हसरा झाला. मी दाराकडे बोट दाखवून खुणेनं विचारलं, उतरू का? काकांनी मान हलवली, आणि मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून मला खूण केली, की आत्ता नको, पावणेचार वाजताहेत.